एकेरी कोण?

आईला खरं सांगायचं तर घरात सांगावं. ओट्याशी उभं राहून सांगावं, नाहीतर सरळ जेवताना सांगून मोकळं व्हावं. चष्मेवाल्याने त्यासाठी हत्तींचं जंगल निवडलं. त्याची छाती किती इंची होती ते यावरून ओळखा.

चष्मेवाला म्हणजे बाजारातल्या चष्म्यांच्या दुकानाचा मालक. वय बेचाळीस, पोट थोडं पुढे, केस बरेच मागे. दिवसभर अंधाऱ्या खोलीत लोकांच्या डोळ्यांवर काचा चढवायच्या आणि विचारायचं, ‘आता बरं दिसतं? की आता?’ दुकानात हा मोठा ठाम माणूस. घरी आई, बायको आणि परीक्षेच्या वर्षातली मुलगी अशा तिघींच्या मध्ये मात्र भिजलेलं मांजर. तिघीही त्याला ‘तू सांग ना तिला’ म्हणायच्या आणि तो तिघींनाही ‘बघतो’ म्हणायचा.

आई निवृत्त झाली होती, पण ते फक्त कागदावर. एकतीस वर्षं ती बस डेपोत कंट्रोलर होती. कोणती गाडी कधी सुटणार, कोणत्या फलाटावर लागणार, कोणता ड्रायव्हर अजून चहाच पितोय, सगळं तिच्या खिडकीतून चालायचं. डेपो सुटला, पण खिडकी काही सुटली नाही. न्हाणीघराच्या दारावर वेळापत्रक चिकटवलेलं असायचं: सहा दहा ते सहा बावीस, सूनबाई. सहा बावीसला बाहेरून सूचना यायची, ‘प्रवाशांनी कृपया बाहेर यावे.’ सूनबाईने सतरा वर्षं हे सोसलं. हल्ली ती आतून पाण्याचा तांब्या इतक्या जोरात आपटायची की शेजाऱ्यांनाही सहा बावीस झाल्याचं कळायचं.

त्यात मुलीला अभ्यासाला स्वतंत्र खोली हवी होती. खोल्या होत्या दोनच, आणि आजीची खोली म्हणजे निम्मी खोली आणि निम्मं गोदाम. मग चष्मेवाल्याने धाकट्या भावाला फोन केला. धाकटा समुद्राकाठच्या शहरात राहायचा, गाडीने दहा तासांवर. दोघांनी सव्वा तास बोलून ठरवलं की आईने आता धाकट्याकडे राहायचं. कायमचं. शेवटी प्रश्न उरला तो मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची याचा.

‘‘तू थोरला,’’ धाकटा म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला भावाचं थोरलेपण इतकं मनापासून पटलं होतं.

चष्मेवाल्याने आईला सांगितलं, ‘‘आई, धाकट्याकडे चार दिवस जाऊन येऊ गं. बदल म्हणून.’’

आई म्हणाली, ‘‘चार दिवस?’’

‘‘चारच.’’

‘‘बरं,’’ आई म्हणाली. तिने इतक्या सहज ‘बरं’ म्हटलं की चष्मेवाल्याला रात्रभर अपचन झालं.

जंगलाची कल्पना प्रवासी कंपनीच्या पत्रकातून आली. ‘दहा तासांची रखडपट्टी कशाला? मध्ये तीन तास जंगल बघा!’ असं त्यावर हत्तीच्या सोंडेखाली छापलं होतं. एरवी गाडी जंगलाला वळसा घालून जायची. या योजनेत ती वरच्या गेटने आत शिरायची, जनावरं दाखवत दाखवत खालच्या गेटने बाहेर पडायची आणि पुढे संध्याकाळपर्यंत समुद्रावर. चष्मेवाल्याने विचार केला, आईने हत्ती बघितले की ती खूश होईल, आणि खूश झाली की सांगून टाकू. माणूस घाबरला की किती अक्कल लढवतो बघा.

निघायच्या दोन दिवस आधी, आई चार दहाला फिरायला गेली तशी नवरा-बायकोने माळ्यावरून हिरवी पत्र्याची ट्रंक काढली. चार पंचावन्नला आई परत येणार हे वेळापत्रकात होतंच, तेवढा त्याचा उपयोग झाला. आईचे गरम कपडे, जाड चादर, औषधांचा डबा, बाबांचा फोटो, निवृत्तीच्या वेळी मिळालेलं घड्याळ, सगळं ट्रंकेत गेलं आणि ट्रंक त्यांच्या कॉटखाली. निघायच्या दिवशी पहाटे आई अंघोळीला गेल्यावर चष्मेवाल्याने ती एकट्याने ओढत नेऊन गाडीच्या मागच्या सीटखाली सरकवली आणि वर घोंगडं टाकलं. ट्रंक अशी काही जड लागली की त्याच्या कमरेत उसण भरली. ‘एवढं कधी भरलं आपण?’ असं त्याच्या मनात आलंही, पण तेवढ्यात न्हाणीघराची कडी वाजली.

ड्रायव्हर उमदा गडी होता, मिशीवाला, तोंडात सतत लवंग. आईने गाडीत चढण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारली.

‘‘ड्रायव्हर, मागच्या डाव्या चाकात हवा कमी आहे.’’

ड्रायव्हरने वाकून बघितलं आणि त्याची लवंग गिळली गेली. ‘‘मावशी, तुम्हाला कसं कळलं?’’

‘‘एकतीस वर्षं तेच केलं. निघायची वेळ सहा होती ना? सहा चार झाले.’’

त्यानंतर ड्रायव्हर दर तासाला आपणहून वेळ सांगायला लागला.

चार तास चष्मेवाल्याने वाट बघितली. आईने रस्त्यावरच्या प्रत्येक बसला नावं ठेवली, दोन उकडलेली अंडी खाल्ली, एक केळं ड्रायव्हरला दिलं आणि छान झोप काढली. चष्मेवाला तीनदा ‘आई, एक बोलायचं होतं’ म्हणाला. पहिल्यांदा समोरून ट्रक आला. दुसऱ्यांदा आईनेच ‘बोल की’ म्हटलं, तेव्हा तो म्हणाला, ‘खिडकी लावू का?’ तिसऱ्यांदा ती घोरत होती, आणि ती घोरत असताना तर त्याने अगदी सगळं सांगून टाकलं असतं.

वरचं गेट आलं. बांबूचा अडसर, एक टपरीवजा खोली, आत टेबलापाशी गेटबाबू. या जंगलाची एक पद्धत होती. वरून शिरणारी डोकी मोजायची, खालच्या गेटला कळवायची, परत येताना पुन्हा मोजायची. त्यासाठी फॉर्मवर प्रत्येक प्रवाशापुढे लिहावं लागायचं: परतीचा की एकेरी. कोणी आत राहून गेलं तर कळावं म्हणून.

आणि इथेच चष्मेवाल्याची गोची झाली होती. हा फॉर्म त्याने आठवडाभर आधी दुकानात बसून भरला होता. स्वतःपुढे लिहिलं ‘परतीचा’. आईपुढे लिहायला गेला आणि पेन अडकलं. ‘परतीची’ लिहिलं असतं तर कोण बघायला येणार होतं? पण हा कंट्रोलरच्या घरात वाढलेला मुलगा. त्या घरात एक वेळ माणसाशी खोटं बोललं तर चालायचं, फॉर्ममध्ये खोटं लिहिणं म्हणजे महापाप. शाळेच्या फॉर्मवर उंची एक इंच वाढवून लिहिली म्हणून लहानपणी त्याने मार खाल्ला होता. त्यामुळे आईला ‘चार दिवस’ सांगणाऱ्या या धीट माणसाने फॉर्मवर मुकाट्याने लिहिलं: ‘एकेरी’.

गेटबाबूने फॉर्म हातात धरला आणि गाडीच्या खिडकीशी येऊन खणखणीत आवाजात वाचला, ‘‘दोन प्रवासी. एक परतीचा, एक एकेरी. एकेरी कोण?’’

चष्मेवाल्याने घाईघाईने मान खिडकीबाहेर काढली. आई पलीकडच्या खिडकीतून हरणाचं चित्र असलेली पाटी वाचत होती. वाचत होती बहुतेक.

‘‘ते... ते मी पुढे सांगतो,’’ चष्मेवाला पुटपुटला.

‘‘मग खालच्या गेटवर सांगा. तिथे शिक्का बसतो. एकदा शिक्का बसला की बदल नाही.’’ गेटबाबूने फॉर्मबरोबर एक छापील यादी आणि पेन्सिलीचा तुकडा दिला. यादीत जनावरांची नावं होती आणि प्रत्येकापुढे चौकोन. दिसलं की खूण करायची.

‘‘काय म्हणत होता रे?’’ आईने विचारलं.

‘‘काही नाही. गाडीचं काहीतरी.’’

‘‘बरं,’’ आई म्हणाली, आणि यादी त्याच्या हातातून काढून घेतली.

आता खालच्या गेटपर्यंत तीन तास. तेवढ्यात तोंड उघडायचं, नाहीतर तो दुसरा बाबू उघडणार. बाहेर हरणं होती, माकडं होती, रानडुकरांची अख्खी पलटण रांगेत चालली होती. आई खूण करायची आणि शेरा मारायची. हरणांबद्दल म्हणाली, ‘‘नुसती बावचळल्यासारखी बघतात. चौकशीच्या खिडकीवरचे प्रवासी.’’ रानडुकरांची शिस्त तिला फार आवडली.

शेवटी चष्मेवाल्याने डोळे मिटले, श्वास घेतला आणि म्हणाला, ‘‘आई, हे बघ, मी आणि धाकट्याने मिळून—’’

‘‘श्श!’’ ड्रायव्हरने कचकन गाडी थांबवली. इंजिन बंद केलं.

समोर रस्त्यावर हत्ती. एक नाही, नऊ. मधोमध एक म्हातारी हत्तीण, कान फाटलेली, बाकीचे तिच्या मागेपुढे. ड्रायव्हर ओठ न हलवता म्हणाला, ‘‘पिल्लू आहे बरोबर. कोणी हूं की चूं करायचं नाही. म्हातारी बिथरली तर गाडीची पत्रावळ करील.’’

हत्तींना घाई नव्हती. पाच मिनिटं गेली, दहा गेली, पंधरा गेली. म्हातारी रस्त्यात उभी राहून एकेकाला पलीकडे जाऊ देत होती. कोणी मध्येच रेंगाळलं की सोंडेने ढकलायची. आईने मान हलवून तिला पसंती दिली.

गप्प बसलं की माणसाला नको ते आठवतं. चष्मेवाल्याला डेपो आठवला. शाळा सुटली की तो आईच्या खिडकीखाली पोत्यावर बसून अभ्यास करायचा. चष्म्याच्या कोर्सचा निकाल लागला त्या दिवशी तो धापा टाकत खिडकीशी गेला होता, आणि आईने माईक चालू असतानाच जाहीर केलं होतं, ‘फलाट क्रमांक चारवरील गाडी दहा मिनिटे उशिरा सुटेल. आणि कंट्रोलरचा मोठा मुलगा पास झाला आहे.’ अख्ख्या डेपोने टाळ्या वाजवल्या होत्या. लाजेने त्याला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. आज त्या टाळ्या त्याला पुन्हा ऐकू आल्या. आपण हरामखोर आहोत, त्याला वाटलं. अगदी याच शब्दांत वाटलं.

बोलायला बंदी होती. मग त्याने आईच्या मांडीवरची यादी उचलली, पेन्सिल घेतली आणि ‘साळिंदर’च्या खाली, बारीक अक्षरात लिहिलं: ‘आई, तुला आता कायमचं धाकट्याकडे राहायचं आहे. मी तुला सांगितलं नाही.’

यादी त्याने तिच्यापुढे धरली.

आईने पर्समधून चष्मा काढला, त्याच्याच दुकानातला. काचा पुसल्या. ओळ वाचली. मग तिने पेन्सिल घेतली, त्या ओळीपुढे एक छोटा चौकोन काढला, आणि त्यात खूण केली.

दिसलं होतं तिला.

चष्मेवाल्याला ओरडून विचारावंसं वाटत होतं, आणि समोर अजून तीन हत्ती शिल्लक होते. ती दहा मिनिटं त्याच्या आयुष्यातली सगळ्यांत लांब दहा मिनिटं होती. आईने मात्र त्या वेळात हत्तींपुढची खूण केली आणि कंसात ‘नऊ’ लिहिलं.

म्हातारी हत्तीण सर्वांत शेवटी झाडीत शिरली. ड्रायव्हरने गाडी सुरू केली.

‘‘कधीपासून?’’ चष्मेवाल्याने विचारलं.

‘‘ट्रंक काढलीत त्याच दिवसापासून. माळ्यावर धुळीत चौकोन उमटला होता, एवढा मोठा. लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढतोस आणि धूळ दिसत नाही तुला?’’

‘‘मग बोलली का नाहीस?’’

‘‘मी का बोलू? मार्ग मी बदलला का?’’ आईने पुढे वाकून विचारलं, ‘‘ड्रायव्हर, प्रवाशाला न सांगता मार्ग बदलला तर काय?’’

ड्रायव्हरने कधी सरकारी बस चालवली होती की नाही कोण जाणे, पण त्याने पाठ ताठ केली. ‘‘काय, मावशी?’’

‘‘आमच्या डेपोत मेमो मिळायचा. आणि ज्या थांब्यावरून प्रवासी चढवला, त्याच थांब्यावर त्याला परत आणून सोडायचं.’’

‘‘रास्त आहे,’’ ड्रायव्हर म्हणाला.

‘‘आई, पण घरात जागा...’’

‘‘जंगलात गप्पा मारायला बंदी आहे. पाटी वाचली नाहीस वाटतं.’’ आणि ती बाहेर बघू लागली. खालच्या गेटपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. एक मोठं मुंगूस आडवं गेलं, पण तिने खूण केली नाही. तेव्हा चष्मेवाल्याला पहिल्यांदा कळलं की ती चिडलेली नाही, तिला लागलंय.

खालच्या गेटवर दुसरा गेटबाबू होता, मफलरवाला. इथे सामान तपासायची पद्धत होती, कोणी शिंगं, पिसं, लाकूड पळवत नाही ना म्हणून. बाबूने मागचं घोंगडं ओढलं. ‘‘ही ट्रंक कोणाची? उघडा.’’

चष्मेवाल्याने मान खाली घातली. आता चारचौघांत आईच्या चादरी आणि औषधं निघणार, वर बाबांचा फोटो. त्याने कडी काढली.

आत क्रिकेटचे दोन पॅड होते. एका तारेची गिटार होती. सायकलचा पंप, हवा गेलेला फुटबॉल, व्यायामाची लोखंडी डंबेल्स एक जोडी, दोरीने बांधलेले कॉमिक्सचे गठ्ठे आणि सगळ्यांच्या वर उत्तेजनार्थ मिळालेला एक कप, ज्याचा कान तुटला होता.

चष्मेवाल्याची कंबर का धरली होती ते आत्ता त्याच्या ध्यानात आलं.

‘‘हे... हे तर धाकट्याचं!’’

‘‘मग कोणाचं? पंधरा वर्षं माझ्या खोलीत पडलंय. ने म्हटलं की ‘बघतो’ म्हणतो. तुझाच भाऊ.’’ आई गाडीतून उतरली आणि ट्रंकेशी येऊन उभी राहिली. ‘‘ट्रंकेतले माझे कपडे काढून तुमच्या कपाटात ठेवलेत, खालच्या कप्प्यात. तिथे काय होतं, तर तुझ्या लग्नातला कोट. तो देऊन टाक आता कोणाला तरी, तू नाही मावत त्यात. आणि नातीला टेबल लावून दिलंय खिडकीशी, काल ती क्लासला गेली तेव्हा. अर्धी खोली तिची, अर्धी माझी. ती वाचत असेल तेव्हा मी बोलत नाही. न्हाणीघराच्या दारावरचा कागदही काढला. सूनबाईला म्हणावं, कर काय करायची ती अंघोळ, जेवायला ये म्हणजे झालं.’’

चष्मेवाल्याने कान तुटलेला कप उचलला आणि परत ट्रंकेत ठेवला.

मफलरवाल्या बाबूला यातलं काही घेणंदेणं नव्हतं. त्याने शिक्का शाईत बुडवला. ‘‘फॉर्मवर एक परतीचा, एक एकेरी आहे. वरून फोन आलाय, इथे विचारून घ्या म्हणून. एकेरी कोण?’’

‘‘ट्रंक,’’ आई म्हणाली.

‘‘आजी, ट्रंक प्रवाशात धरत नाहीत.’’

आईने मुलाकडे बघितलं. ‘सांगू का?’ असं नव्हे, ‘बघू या’ असं बघितलं. लहानपणी तो पाढे म्हणताना अडायचा तेव्हा ती असंच बघायची, आणि कधीही पुढचा आकडा सांगायची नाही.

‘‘दोघंही परतीचे,’’ चष्मेवाला म्हणाला. मग त्याला ते अपुरं वाटलं. ‘‘आधी लिहिलंय ते चूक आहे. मी लिहिलं. माझी चूक आहे.’’ बाबूने खोड केली, त्याखाली चष्मेवाल्याची सही घेतली आणि शिक्का मारला.

गाडीत बसतात न बसतात तोच फोन वाजला. धाकटा. चष्मेवाल्याने इतक्या घाईने फोन काढला की नको ते बटण दाबलं गेलं आणि धाकट्याचा आवाज गाडीभर घुमला.

‘‘काय रे, सांगितलंस का एकदाचं? रडली का? तिला संशय बिंशय आला होता का? काय वाटत होतं तिला?’’

चष्मेवाल्याने बटण शोधलं, सापडेना. आईने फोन त्याच्या हातातून हलकेच घेतला.

‘‘तिला वाटत होतं, विचारतील,’’ ती म्हणाली.

‘‘आई?’’ धाकटा म्हणाला.

‘‘विचारलं असतंत ना, तर आले असते रे. वर्षभरही आले असते. तुझ्या पोराला शिट्टी मारायला शिकवणार होते मी.’’ एवढं बोलून ती थांबली. तिचा तो एकतीस वर्षं डेपो हलवणारा आवाज जरासा खाली गेला होता, तो तिने खाकरून जागेवर आणला. ‘‘आता चार दिवस येतेय. हा चार दिवस म्हणाला, तर चारच. ट्रंक उतरवायला खाली ये, जड आहे.’’

तिने फोन परत केला. चष्मेवाल्याने चष्मा काढून शर्टाला पुसला, परत घातला, तरी समोरचं काही नीट दिसेना. परत काढला. आईने पर्समधून रुमाल काढून त्याच्या मांडीवर टाकला आणि पुढे वाकली.

‘‘चला ड्रायव्हर,’’ ती म्हणाली, ‘‘सदतीस मिनिटं उशीर झालाय.’’